चकमधली चावी

सून : बाबा, हिरव्या बटनावरचा हात काढा.

सासरे : का?

सून : आधी काढा. मग भांडू.

सासरे : दुपारी पंपवाला शाफ्ट मागायला दारात उभा राहील. भांडायला वेळ कुणाला आहे?

सून : लेथच्या चकमध्ये काय आहे बघा.

सासरे : शाफ्ट आहे. आणखी काय असणार, माझं डोकं?

सून : चावी आहे. चकच्या जबड्यात शाफ्ट आवळलात आणि आवळायची चावी तशीच ठेवलीत. बटन दाबलं असतंत तर दगडासारखी भिरकावली गेली असती. तुमच्या तोंडावर, नाहीतर माझ्या.

सासरे : अरे देवा.

सून : थांबा, मेन स्विच पाडते. हं. आता बोला.

सासरे : बोलायचं काय? एकदा विसरलो. माणूस आहे मी.

सून : दुसरं कुणी म्हणालं असतं तर ऐकून घेतलं असतं. चावी एक तर हातात, नाहीतर खिळ्यावर, हे तुम्ही झोपेतसुद्धा बडबडता.

सासरे : मला वाटलं, काढली. हातातच आहे असं वाटलं.

सून : हात तर रिकामा होता.

सासरे : तेच ना. जाऊ दे, लाव स्विच.

सून : आणि हे हातमोजे कसले?

सासरे : गारठा आहे.

सून : मी घामानं भिजलेय आणि तुम्हाला गारठा? बाबा, लेथवर हातमोजे? पहिल्या दिवशी मी घातले होते तेव्हा तुम्ही ते कात्रीनं कापून टाकलेत. मोजा अडकला की मशीन बोट सोडत नाही म्हणालात. माझी वेणी टोपीत कोंबायला लावलीत, अंगठी काढायला लावलीत.

सासरे : तुला सगळं बरं पाठ आहे.

सून : तुमच्या ओरडण्यासकट. काढा ते.

सासरे : या लेथसमोर तुला उभं कुणी केलं? माझ्याच कारखान्यात माझ्यावर डोळे वटारतेस?

सून : वटारते. काढा, नाहीतर मी काढते.

सासरे : हात लावू नकोस!

(मग तो स्वतःच उजवा मोजा ओढून काढतो.)

सून : आई गं! हे कधी भाजलं?

सासरे : काल. लोखंडाचा गरम कीस बोटांवर पडला असेल.

सून : असेल म्हणजे?

सासरे : कळलं नाही. रात्री जेवताना फोड दिसले.

सून : तरीच सकाळी उकळत्या पाण्याचा पेला धरून उभे होतात. मला वाटलं, रागाच्या भरात आहात.

सासरे : बोटं बधिर झाली आहेत. बरेच दिवस झाले. चावी धरली काय, सोडली काय, सारखंच.

सून : आणि कुणाला एक अक्षर नाही!

सासरे : तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस. बाप मशीनवर उभा राहू शकत नाही म्हटलं की तो लेथ मोडीत काढेल. मग मी घरात बसून काय करू? भिंती मोजू?

सून : मोडीत का काढेल?

सासरे : लेथ चालवायला टर्नर नको का?

सून : मग मी कोण आहे, बाबा?

सासरे : तू माझ्या हाताखालची.

सून : इतकी वर्षं तुमच्या शेजारी उभी आहे. निम्म्या गावाचे पंप माझ्या शाफ्टवर फिरतात. एकदा तरी टर्नर म्हणालात मला?

सासरे : हाताखालची म्हणालो. चुकलो.

सून : आता दवाखान्यात जायचं. ह्यांना मी सांगणार, आजच. तुमचा हात गेलेला बघायची माझी ताकद नाही.

सासरे : पंपवाल्याचं काय?

सून : त्याला संध्याकाळी बोलावते. दवाखान्यातून आल्यावर शाफ्ट मी करते.

सासरे : कापताना शेवटचा हात हलका ठेव. घाई करशील तर...

सून : माहीत आहे.

सासरे : मी जवळ उभा राहीन. बोटं गेली तरी कान शाबूत आहेत. कापण्याचा आवाज बदलला की सांगेन.

सून : राहा. पण जमिनीवरच्या त्या पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे.

सासरे : तो पट्टा मी रंगवलाय. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी.

सून : हो.

सासरे : बरं. तेवढी चावी काढून खिळ्यावर लाव, आणि आता तो खिळा तुझ्या उंचीला ठोकून घे.