सिंथेसायझरशी माझा पत्रव्यवहार

नाही, पण मी म्हणतो, नसेल द्यायचं तर निदान 'नाही' तरी म्हण ना! 'उद्या या' म्हण, 'साहेब जागेवर नाहीत' म्हण... काहीतरी म्हण! तुम्हाला सांगतो, आयुष्यभर मी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसलो, माणसाला ताटकळत ठेवायच्या सगळ्या कला मला येतात, पण मीसुद्धा समोरच्याला निदान मान हलवून हाकलायचो हो! आणि हे यंत्र? ढिम्म! मी निरोप धाडतोय, ते ढिम्म. पुन्हा धाडतोय, पुन्हा ढिम्म. पण मागे हटणारा माणूस मी नव्हे, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

यंत्र म्हणजे आमच्या हिचा सिंथेसायझर. ही मुलांना गाणं शिकवते. यंत्र नवं होतं तेव्हा हिने त्याची बटणं पिळून पिळून आत स्वतःचा एक आवाज बसवला. पेटी म्हणाल तर पेटी नाही, बासरी म्हणाल तर बासरी नाही... एखाद्या समजूतदार माणसाने तोंड न उघडता होकार द्यावा ना, तसा. त्या आवाजावर ज्याचा सूर लागत नाही असं मूल अजून जन्माला यायचंय. तर मध्यंतरी यंत्र चालू केलं आणि पडद्यावर आलं, 'बॅटरी संपत आली'. दुरुस्तीवाला आला, त्याने झाकण काढलं, आत डोकावला आणि डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं आमच्याकडे बघितलं.

"काका, आतला सेल मरायला टेकलाय. नवा मागवा, मी बसवून देतो. पण जुना काढला की सगळं पुसलं जाणार."

"सगळं म्हणजे?"

"म्हणजे कंपनीचे आवाज राहतील, तुमचे जातील."

"आणि नाही काढला तर?"

"मग तो आपला आपण जाईल. तेव्हाही पुसलं जाईलच."

घ्या! म्हणजे औषध घेतलं तरी मरण, नाही घेतलं तरी मरण, वर औषध आपणच मागवायचं!

तेवढ्यात जावई आला. जावई चांगला आहे हो, पण त्याला जगातली प्रत्येक जुनी वस्तू अडगळच दिसते, मी समोर बसलो की त्याची नजर माझ्यावरही जरा रेंगाळते. म्हणतो कसा, "बाबा, कशाला त्या डबड्याच्या मागे लागता? फोनवर हजार आवाज फुकट मिळतात!" हिने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला, जरा जोरातच ठेवला. "जावईबापू, मला हजार नकोत. मला माझा एक हवाय." आणि माझ्याकडे बघितलं. आता बायको अशी बघते तेव्हा नवरा एकतर बाजारात जातो, नाहीतर शूर होतो. मला पिशवी सापडली नाही, म्हणून मी शूर झालो. म्हटलं, "पुसायच्या आधी तुझ्या आवाजाची नक्कल काढून ठेवतो." अहो, नक्कल! आमचा जन्म गेला नकला काढण्यात!

पण या यंत्रातून नक्कल बटण दाबून निघत नाही. कॉम्प्युटरपासून त्याच्यापर्यंत मिडी नावाची वायर लावायची आणि आकड्यांत लिहिलेला निरोप धाडायचा. त्या निरोपाचं नाव 'सिस्टिम एक्स्क्लुझिव्ह'. म्हणजे काय, तर ज्याच्या नावाचा असेल त्यानेच वाचायचा, बाकीच्यांनी कानावर हात ठेवायचे. सुरुवातीचा आकडा ठरलेला, शेवटचा ठरलेला. मध्ये आधी कंपनीचा नंबर, मग यंत्राचा नंबर, मग मॉडेल, मग काम काय आहे, मग कुठल्या खणातलं काय हवंय. मी म्हटलं, अरे, हा तर अर्ज! यासाठी काय इंजिनिअर व्हायला लागतं?

फक्त आकडे सोळाच्या हिशेबात. म्हणजे नऊनंतर दहा नाही येत, ए येतो! मग बी! असं एफपर्यंत जायचं, मग दहा, आणि ते दहा म्हणजे आपले सोळा! हे ज्याने ठरवलं त्याला लहानपणी पाढ्यांवरून कुणीतरी फार बडवलं असणार. आणि शेवटी पडताळा. खणाच्या पत्त्याच्या आणि पुढच्या मजकुराच्या आकड्यांची बेरीज करा, एकशे अठ्ठावीसने भागा, बाकी उरेल ती पुन्हा एकशे अठ्ठावीसातून वजा करा. चुकला तर? निरोप केराच्या टोपलीत. आणि तसं कळवतं का? ढिम्म! पण माझा पडताळा चुकणार? अहो, कचेरीत लोक माझ्याकडून स्वतःचं वय तपासून घ्यायचे!

अर्ज धाडला. कॉम्प्युटर म्हणतो, 'पाठवलं'. यंत्र ढिम्म. वायर बदलली, ढिम्म. खणाचा पत्ता तपासला, ढिम्म. जावई दारातून जाता जाता, "काय म्हणतंय डबडं?" मी म्हटलं, "विचार करतंय!" मागे हटणारा माणूस मी नव्हे.

आणि इथे घात झाला. कामाच्या जागी अकरा लिहिलं तर अर्थ होतो 'मला दे', आणि बारा लिहिलं तर 'हे घे आणि तिथे ठेव'. अकरा म्हणजे विनंती, बारा म्हणजे हुकूम. संतापाच्या भरात माझ्या बोटाने बारा लिहिलं! पुढचे आकडे तेच, पण आता ती मागणी नव्हती, हिच्या आवाजाच्या खणात नेऊन ओतायचा कचरा होता! पडताळा मात्र बरोबर, कारण त्यात हा आकडा धरतच नाहीत. 'पाठवलं'! आयुष्यभर 'कृपया' आणि 'सविनय' लिहिलं हो मी... जन्मात एकदा हुकूम सोडला, तो बायकोच्या आवाजावर!

एक पट्टी दाबली. होकार आला, पण चोंदलेल्या नाकातून आल्यासारखा. गेला आवाज!

सांगितलं हिला. दुसरं काय करणार? ही आली, तिने दोन सूर धरले आणि म्हणाली, "हं." तुम्हाला सांगतो, या 'हं'च्या वर अपील नाही. मग म्हणाली, "नाकात गेलाय. बसा तिथे. एकदा बसवलाय मी, पुन्हा बसवीन. मी सांगते तसे आकडे धाडा."

आणि बसलो आम्ही! "जरा उघडा..." आकडा वाढवून धाडला. "फार झालं, बाजारात ओरडल्यासारखा वाटतोय." कमी करून धाडला. "आता शेवट लांबवा, मुलांचा श्वास संपेपर्यंत टिकला पाहिजे." लांबवला. आणि तिलाच नाही, मलाही फरक ऐकू येत होता! आवाज कणाकणाने परत येत होता, मध्येच ती डोळे मिटायची, मध्येच मला म्हणायची, "अहो, इतकं चांगलं ऐकू येतं होय तुम्हाला? मग मी हाक मारते तेव्हा काय होतं?" शेवटी एक सूर धरून थांबली. "हाच." मीही म्हटलं, "हाच!"

पण नक्कल? नक्कल मागितली की पुन्हा ढिम्म! हुकूम ऐकतं आणि विनंतीला जागचं हलत नाही... मी म्हटलं, हे यंत्र नाही, हा आमच्या कचेरीतला शिपाई आहे!

एवढ्यात फोन. नवा सेल घेऊन आलेला पार्सलवाला, धापा टाकत. "काका, कधीची बेल वाजवतोय! तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणतात, आमचं नाही, आणि दार लावून घेतात!"

"अहो, तुम्ही दुसऱ्यावर आहात. तळमजला मोजायचा नाही, तो शून्य!"

"शून्य कसा? माणसं राहतात की तिथे!"

तो बरोबरच बोलत होता, पण मी ऐकतच नव्हतो. माझ्या डोक्यात तळमजला फिरत होता. यंत्राच्या पडद्यावर 'यंत्र क्रमांक सतरा' दिसतं, म्हणून प्रत्येक निरोपावर मी सतरा लिहिलं होतं. आणि हे यंत्र शून्यापासून मोजत असेल तर? सतरावा म्हणजे सोळा! माझा एकूण एक निरोप भलत्याच दारावर बेल वाजवत होता! त्या बाई निदान 'आमचं नाही' तरी म्हणाल्या...

सोळा टाकलं. विनंती धाडली, अकरा नंबरची, दहादा तपासून. आणि यंत्र बोललं! आकड्यांचा नुसता धबधबा! नक्कल निघाली, सेल बदलला, आवाज जसाच्या तसा परत आत गेला. जिंकलो की नाही? जावयाला मुद्दाम फोन करून सांगितलं, "डबड्याचा विचार करून झालाय!"

...पण मग लक्षात आलं. सतरावर गेलेलं काहीच पोचलं नव्हतं, तर माझा तो हुकूमही पोचला नव्हता. म्हणजे आवाज बिघडलाच नव्हता. म्हणजे तो उघडला काय, लांबवला काय, मी 'हाच!' म्हटलं काय... यंत्र सगळा वेळ ढिम्म होतं आणि आम्ही दोघं त्याच्यापुढे माना डोलवत होतो!

हिला सांगू? मागे हटणारा माणूस मी नव्हे, पण दर वेळी पुढे गेलंच पाहिजे असं कुठे आहे? नाहीच सांगितलं.

तर काल ही म्हणते, "सेल बदलल्यापासून पुन्हा जरा नाकात वाटतोय हो. तेव्हासारखे आकडे धाडा ना." आता यंत्र ऐकतं ना! आता आकडा धाडला तर पोचेल! मग मी टेबलाखाली वाकलो, हळूच मिडीची वायर उपटली आणि रुबाबात कॉम्प्युटरवर बोटं आपटायला लागलो. "आता?" "अजून जरा." "आता?" "हां... आता बरोबर. हाच."

छाती फुगली माझी. ही पट्ट्यांवरून हात फिरवत, माझ्याकडे न बघताच म्हणाली, "छान झालं. आणि ती वायर लोंबतेय ना तुमच्या पायाशी, तेवढी गुंडाळून ठेवा. मुलं येतील आता, अडखळेल कुणीतरी."

आणि तुम्हाला सांगतो... मी ढिम्म.