कापसातलं लोखंड

नाही, चहा नको. गरम काही नकोच मला — ओतू नकोस म्हटलं ना, सलोमत ओपा! आणि ते धुरीचं भांडं आधी बाहेर ठेव. इसिरिकच्या धुराने नजर उतरते म्हणे, माझी तर कातडी उतरायची पाळी आलीय. खिडकी उघड. उघड ना! बाहेर बर्फ आहे ते दिसतंय मला, त्या बर्फातूनच चालत आलेय, डोक्याचा रुमाल हातात धरून. लोक बघत होते, बघू देत. बाहेर तुझ्या पाच बाया बसल्यात, त्यांना सांगितलं मी आधी जाणार, ज्यांना भांडायचंय त्यांनी भांडा. ओळखलंस का मला? नाही ओळखलंस. रजयावाली मस्तुरा! सगळ्या मर्गिलानात ज्या घरात लग्न, त्या घरात माझ्या हातची रजई. नोव्हेंबरात आले होते, हिरवा कोट घालून. आता आठवलं? बरं. मग ऐक, वेळ नाहीये. थोड्या वेळात माझ्या मुलाचा फोन येईल, रशियातून, कझानहून. तिकडची जुम्म्याची नमाज आटोपली की करतो म्हणालाय. इमामाला विचारून ठेवलंय त्याने. आज तो त्या फोनवरच बायकोला तीन तलाक देणार आहे. आणि तू त्याला सांगायचंस, देऊ नकोस. तू. कारण हे सगळं तुझ्या या फडक्यावरून सुरू झालं.

हसू नकोस. हसत नव्हतीस? मग तोंड कशाला वाकडं केलंस? — बघ, हे असं होतं मला. समोरच्याने नुसती मान हलवली तरी तळपायाची आग मस्तकात. आधी मी अशी नव्हते. अठ्ठावीस वर्षं तोलिबच्या घरात काढली, सासूने तीनदा उंबऱ्याबाहेर काढलं, मी तिन्ही वेळा तिचे पाय चेपून आत गेले, आवाज चढवला नाही कधी. आणि गेल्या हिवाळ्यात त्याच तोलिबला मी चहाची किटली फेकून मारली. का? तर तो सफरचंद खात होता. खाताना आवाज करत होता. बस्स! किटली भिंतीवर फुटली, तो बिचारा अर्धं सफरचंद हातात धरून बसला, आणि मी तिथेच फतकल मारून रडायला लागले — किटलीसाठी! मग अंगाची लाही लाही. छातीतून वर चढते ती, मानेवरून कानापर्यंत, जणू तंदूरमध्ये डोकं घातलंय, आणि दोन मिनिटांत अंगावर काटा. रात्री अंथरूण भिजायचं. लग्नघरी सगळ्या बाया गुडघ्यावर रजई घेऊन टाके घालतायत, गाणी म्हणतायत, आणि माझ्या नाकावरून घाम टपटप नव्या रेशमी अतलसवर. एकदा नवरीचं नावच विसरले. तिच्याच रजईला टाका घालताना!

मग मोहल्ला आहेच. कुणी म्हणालं, हृदय. कुणी म्हणालं, घोड्याचं मांस सोड, उष्ण पडतं, मुळा खा. तोलिब म्हणाला, वेडी झाली — आणि चहाखान्यात जाऊन बसला, तो अजून तिथेच आहे म्हण ना. शेवटी शेजारची पोतमा कानाशी लागली — मस्तुराखान, हे दुखणं नाही, कुणीतरी केलंय तुझ्यावर. सलोमत ओपाकडे जा. म्हणून आले. तू हे फडकं पसरलंस, एक्केचाळीस वाल टाकलेस, तीन ढिगांत केलेस, मग नऊ ढिगांत, बराच वेळ नुसती हूं हूं. आणि म्हणालीस — काय म्हणालीस? 'कापसात लोखंड आहे. तुझ्या डोक्याखाली, नाहीतर अंगावर. बाहेरून आलेल्या हाताने ठेवलंय.' बाहेरून आलेला हात! ओपा, कुठल्या घरात बाहेरून आलेला हात नसतो गं? सून म्हणजे दुसरं काय असतं? मी आले होते बाहेरून, तू आली असशील बाहेरून. हे तू रोज दहा जणींना सांगत असशील आणि दहाही जणी घरी जाऊन सुनेकडे बघत असतील.

निघालं ना लोखंड, असं म्हणतेस? निघालं! तेच तर सांगतेय. घरी गेले ती पोतमाला आणि आणखी दोघींना घेऊनच. अंगणातल्या चौथऱ्यावर सगळ्या रजया टाकल्या, कात्री घेतली, आणि फाडत सुटले. माझ्याच हातच्या, वीस-वीस वर्षांच्या. पाचव्या रजईत काही नाही. सहावी सुनेच्या माहेरची. नफोसत नाव तिचं, गेल्या वर्षीच लग्न झालं, तिच्या सामानात सासूसाठी म्हणून विहिणीने पाठवलेली. हात घातला आणि बोटाला टोचलं. लांब सुई, निळ्या दोऱ्यासकट. पोतमा किंचाळली, दुसरी खाली थुंकली, तिसरीने कुराणातलं म्हणायला सुरुवात केली. आणि सगळ्यांनी वळून नफोसतकडे बघितलं. ती दारात उभी, हातात कणकेची परात. काही बोलली नाही. एक शब्द नाही. मी म्हणाले, सामान बांध.

थांब. गाडी उताराला लागली म्हणून खूश होऊ नकोस. पुढे ऐक.

ती माहेरी गेली आणि मला बरं वाटायला हवं होतं ना? लोखंड निघालं, हात निघाला! कसलं बरं. दुसऱ्याच आठवड्यात धडधड एवढी की तोलिब चहाखान्यातून पळत आला आणि मला दवाखान्यात घेऊन गेला. तिथली डॉक्टरीण, पोरच ती, माझ्या लेकापेक्षा, इल्योरपेक्षा लहान असेल. तिने पहिला प्रश्न काय विचारला माहितेय? 'काकू, शेवटची पाळी कधी आली होती?' मी तोलिबकडे बघितलं, तो भिंतीकडे. ती म्हणाली, वय किती — एकोणपन्नास. म्हणाली, मग त्याचंच हे सगळं, पाळी जायच्या दिवसांचं. घाम त्याचा, धडधड त्याची, विसरणं त्याचं, राग त्याचा. कुणाला दोन वर्षं, कुणाला जास्त. औषध आहे, घाबरू नका. एवढंच! पाच मिनिटांत! तू एक्केचाळीस वाल मोजलेस, ओपा, पण हे नाही विचारलंस. आणि तुझं वय काय? साठी झाली असेल. मग तुला आली नसेल ही आग? तू रात्री उठून खिडकीशी उभी राहिली नसशील? बघ. बघ, खाली बघतेयस. म्हणजे तुला ठाऊक होतं! मी तुझ्यासमोर या इथे घामाने निथळत बसले होते, तू बघून ओळखलं असणार — आणि मला कापूस फाडायला पाठवलंस!

तुला एकटीलाच कशाला बोलू म्हणा. पोतमाला ठाऊक नव्हतं? तिचं तर सहा वर्षांपूर्वी झालं, तेव्हा ती नवऱ्याला घरातून हाकलायला निघाली होती. माझ्या आईला ठाऊक नव्हतं? ती वर्षभर तंदूरपाशी एकटी रडायची, आम्ही पोरं म्हणायचो, धुराने. मेली तोवर एका शब्दाने बोलली नाही. सगळ्या जणी या आगीतून जातात, आणि बाहेर पडल्या की दार लावून घेतात. मागून येणारीला सांगायचं नाही. का? लाज! कसली लाज? नऊ महिने पोट पुढे करून बाजारात फिरतो तेव्हा लाज वाटत नाही, आणि ते थांबलं की लाज! पुरुष मात्र एकमेकांत हसून सांगतात — सोड रे, म्हातारीला वय झोंबतंय. त्यांना ठाऊक असतं, आपल्याला नसतं.

एकीने सांगितलं होतं. त्या पोरीने. नफोसतने.

...पाणी दे. थंड. बर्फ टाकलास तरी चालेल.

ऑगस्टमधली गोष्ट. मी पीठ मळता मळता उठले आणि नळाखाली डोकं धरलं. ती टॉवेल घेऊन आली, मागून मान पुसायला लागली, आणि हळूच म्हणाली, ओयी, माझ्या आईचं पण असंच झालं होतं, ते वय असतं, जातं निघून, तुम्ही एकदा डॉक्टरला दाखवा. प्रेमाने म्हणाली गं. आणि मला काय वाटलं? मला वाटलं, काल आलेली पोर मला म्हातारी म्हणते. माझ्या घरात. त्या दिवसापासून ती मला डोळ्यांसमोर नको झाली. तिचं चालणं नको, तिचं सकाळी वाकून सलाम करणं नको. आणि तरी ती माझं भिजलेलं अंथरूण मी न सांगता उचलायची, धुऊन मागच्या दोरीवर वाळत घालायची, पुढच्या नाही — सासऱ्याला दिसू नये म्हणून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तरी ही अशी! तू 'बाहेरून आलेला हात' म्हणालीस ना, ओपा, तेव्हा मला धक्का नाही बसला. मला — काय सांगू तुला — मला हायसं वाटलं.

सुई कुणाची? तू विचारतेस? तुला तर वालांत दिसलं होतं ना, मग सांग तूच. नाही सांगता येत? माझी. माझी होती सुई. ती रजई विहिणीच्या गावची, टाके हे एवढे, बोटभर, कापसाचे गोळे झालेले. रजयावाल्या मस्तुराने असल्या टाक्यांखाली झोपायचं? मला झोप लागेना. मे महिन्यात, तोलिब शेतावर गेला होता तेव्हा, मी ती उसवली, कापूस पिंजला आणि पुन्हा शिवली. गुपचूप, विहिणीचा अपमान नको म्हणून. आपल्या धंद्यात कापूस बंद करायच्या आधी सुया मोजतात. नऊ काढल्या तर नऊ परत खोचायच्या, मगच शेवटचा टाका. लग्नाच्या रजईत सुई राहिली तर तो संसार जन्मभर टोचत राहतो, असं म्हणतात आपल्यात, आणि जिची सुई राहिली तिला पुन्हा कुणी लग्नघरी बोलावत नाही. अठ्ठावीस वर्षांत माझी कधी राहिली नव्हती. आणि त्या दिवशी मोजल्या की नाही, तेच आठवेना. नंतर बघितलं तर आठ. अंगणात पडली असेल म्हटलं, नवी आणली, गप्प बसले.

हो, नफोसतला ठाऊक होतं. तिच्यापासून काय लपणार, ती समोर बसली होती शिवताना. मला नेढं दिसेना, म्हणून निळा दोरा तिनेच ओवून दिला होता. मग बोलली का नाही ती? दारात उभी होती, एक वाक्य पुरे होतं — ओयी, ही तुमचीच सुई. पोतमासमोर! पोतमाने तासाभरात सगळ्या मर्गिलानला कळवलं असतं, मस्तुराची सुई कापसात राहिली, तिला हात लावू देऊ नका नवरीच्या सामानाला. म्हणून नाही बोलली. माझी अब्रू झाकली आणि स्वतःची घेऊन गेली. सामान बांधताना पण नाही बोलली. मला कधी कळलं? मला... रात्री कळलं. रात्री दिव्याखाली सुई बघितली, टोक जरा वाकलेलं, माझ्या त्या हरवलेल्या सुईसारखं, तेव्हा. पण तोवर बोलून बसले होते ना! इल्योरला फोनवर सांगून झालं होतं, तुझ्या बायकोने आईवर करणी केली. तो तिकडे वीटकाम करतो, चार पोरांत एका खोलीत राहतो, आईचा शब्द म्हणजे त्याला दगडावरची रेघ. आता कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून तू सांग. म्हण, वालांत चूक झाली. म्हण, हात बाहेरचा नव्हता. तुझं काय जातंय? तुझी चूक झाली तरी बाया येतच राहतील. माझी —

हा बघ. वाजला. घे. घे ना, ओपा! हात मागे काय घेतेस? इतकी वर्षं लोकांच्या घरांत लोखंड शोधतेस, एक फोन धरवत नाही? ...बरं. नको धरूस.

इल्योर? ...हो, मीच. झाली नमाज? ...थांब. एक शब्द बोलू नकोस, आधी माझं ऐक. गप्प बस म्हटलं ना! ...सुई माझी होती. ...माझी, तुझ्या आईची. मे महिन्यात ती रजई मीच उसवून शिवली, तिच्यात राहिली. तुझ्या बायकोने काही केलेलं नाही. ...नाही, कुणी शिकवलं नाहीये मला. ...नाही रे, रडत नाहीये, ओरडतेय. ...तब्येत? तब्येतीचं वेगळं आहे, ते पाळी जायचं असतं बायकांचं, तुला पण कळू दे, लाजू नकोस. ...हो, बाहेर बाया आहेत, ऐकतायत सगळ्या. ऐकू देत! ...काय? ...कधीपासून ठाऊक होतं म्हणजे? ...त्या रात्री. रात्री दिव्याखाली —

...नाही. रात्री नाही. कापसातून बाहेर आली तेव्हाच. हातात आल्या आल्या ओळखली मी. ती दारात उभी होती, आणि मी ओळखली, आणि तरी म्हणाले, सामान बांध.

...इल्योर? ...बोल ना बाळा. शिव्या दे, पण बोल.

ठेवला. ...नाही, तलाक म्हणाला नाही. काहीच म्हणाला नाही. काय बघतेस, सलोमत ओपा? दारातून बाजूला हो. विहिणीच्या गावची गाडी चारला सुटते.