सासऱ्यांसमोर हातवारे

मी सासरी जेवताना एवढा गप्प का असतो, विचारता ना? मग ऐका. लग्नाआधी अनघाच्या वडिलांनी मला 'जरा बोलू' म्हणून टिळक रोडवरच्या एका थाळीच्या हॉटेलात बोलावलं. तिथले वाढपी एकमेकांशी बोटांच्या खुणांनी बोलतात, हे मला कुठे माहीत!

"भावंडं किती?" त्यांनी विचारलं.

मी दोन बोटं वर केली. ताटात दोन पुऱ्या पडल्या.

"घर?"

"बिबवेवाडीत, वन बीएचके," मी एक बोट नाचवत सांगितलं. लगेच जिलबी आली. घाबरून मी 'नको, नको' म्हणत पंजा हलवला, तर भाताचा डोंगर!

शेजारी बसलेली अनघा खाली मान घालून हसत होती. तिच्या वडिलांनी भिंतीवरची पाटी दाखवली. 'ताटात टाकू नये.'

"एवढं संपवा," ते शांतपणे म्हणाले, "मग लग्नाचं बोलू."

संपवलं हो! पण आजही सासरी पानं वाढली की सासरे आधी म्हणतात, "जावईबापू, हात न हलवता काय ते बोला."

ते मला कधी जमलंय? मग मी आपला मुकाट जेवतो.