सहाव्या झाडाची जागा

(बेल्जियममधलं गेंट शहर, मार्च महिना. ओडिलोन क्लायस यांच्या स्वयंपाकघरात पालिकेच्या उद्यान विभागातली टिने टेबलावर नकाशा पसरून बसली आहे.)

टिने: गल्लीतल्या सगळ्यांनी सह्या केल्यात, क्लायस साहेब. तुमचीच तेवढी राहिलीय.

ओडिलोन: कशासाठी म्हणालीस?

टिने: पार्किंगच्या सहा जागा काढतोय. फरशी उखडायची, माती भरायची, झाडं लावायची. मागच्या उन्हाळ्यात ही गल्ली इतकी तापली की समोरच्या आजींना दवाखान्यात न्यावं लागलं.

ओडिलोन: इर्मा. हो, मी अँब्युलन्स बघितली. मग खिडकी लावून घेतली.

टिने: दारासमोरची निळी गाडी तुमचीच ना?

ओडिलोन: बायकोची. मला चालवता येत नाही.

टिने: मग त्यांच्याशीच बोलू का?

ओडिलोन: ती गेली. दीड वर्ष झालं.

टिने: माफ करा. कागदावर अजून त्यांचंच नाव आहे, म्हणून...

ओडिलोन: असू दे. सगळे माफ करा म्हणतात, मी असू दे म्हणतो. कॉफी घेशील?

टिने: अर्धा कप. गाडीच्या काचेवर शेवाळ धरलंय हो. चाकंही बसलीत.

ओडिलोन: आधी रोज सकाळी आत जाऊन बसायचो. तिच्या जागेवर नाही, माझ्याच. म्हटलं, रडू येईल. नाही आलं. मग जायचं सोडलं.

टिने: हे बघा, तुमची जागा वगळता येईल. मी वर सांगते.

ओडिलोन: म्हणजे झाडं पाचच?

टिने: पाच. आणि मधे गाडी.

ओडिलोन: नको. पडलेल्या दातासारखं दिसेल. आण पेन.

टिने: साहेब, दोन दिवस विचार करा.

ओडिलोन: विचारच करत बसलोय, पोरी. त्यानं काही होत नाही. कुठं करू सही?

टिने: इथं. खाली तारीख. गाडी गुरुवारी दहा वाजता नेतील. तुम्ही बाहेर यायची गरज नाही.

ओडिलोन: तू असशील?

टिने: ते माझ्याकडे नाही, टोइंगवाले येतात. का हो?

ओडिलोन: मला काही वाटणार नाही बहुतेक. पण वाटलंच, तर शेजारी कुणी उभं असलेलं बरं.