गिटारीचा गंज

अगं, ह्यांची गिटार विकली जाऊ नये म्हणून मी एकदा संकष्टीचा उपास धरला होता. दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही गुडगावच्या नव्या फ्लॅटमध्ये निघालो होतो. "तिथे सोफासेट येणार, ही जुनी पोकळ इलेक्ट्रिक गिटार कुठे ठेवू?" हे म्हणायचे, आणि रोज संध्याकाळी तिलाच मांडीवर घेऊन बसायचे.

गिऱ्हाईक गुडगावचंच, नव्या कोठीतले, म्हणजे बंगल्यातले, साहेब. मी विचारलं, "बजाते हैं?"

"नहीं भाभीजी, ड्रॉइंग रूम में टाँगेंगे. विंटेज है!"

दसऱ्याला न्यायचं ठरलं. आदल्या दिवशी खंडेनवमी. विळी, कात्री पुजायची, तशी गिटारही पुजायला घेतली. तिच्या गंजलेल्या खुंट्या नि पत्रे चिंचेने लख्ख घासले, लाकडाला खोबरेल चोळलं, वर हळदकुंकू.

साहेब आले आणि ओरडलेच, "भाभीजी, ये क्या किया? वो जंग ही तो ओरिजिनल था!"

"फिर आ जाएगा," मी धीर दिला.

साहेब तसेच परत गेले. हे आधी चिडले, मग गिटार मांडीवर घेऊन बसले.

तुझे हेही पेटी विकायला निघालेत ना? मग संकष्टी धर. चिंच मी देते.