वाणातलं बी

नाई मॅडम, बांधावरच हाये तो तुमच्या हापिसानं बी देलेला दशरथ घास, बाकी कुठंच नाई — लिहा तुमच्या फारमात, मनकर्णाबाई, अल्लीपूर, एक बांध, झालं. ते नाल्याकाठचं? हो... तेही त्याचंच. बकऱ्या तिकडं चरतात ना, लेंडीतून उगवलं असन. मी का हातानं पेरलं तिथं? चारा चांगला हाये, खोटं काऊन बोलू, बकऱ्याईचं दूध वाढलं — पण शेंग वाळली का फुटते, बी उडते, मेथीच्या वाफ्यात आला, पालकात आला. उपटलं तं वरचंच तुटते, मूळ खोल, आठ दिवसांत पुन्हा हिरवं. कुदळीनं खंदून पाह्यलं मी, हाताले फोड आले, हे पाहा.

दुसऱ्या कोणाले बी देलं का? नाई. म्हणजे, तसं नाई देलं — संक्रांतीले हळदीकुंकू केलं, त्यात वाण म्हणून पुड्या वाटल्या. दरवर्षी त्याच प्लॅस्टिकच्या डब्या, म्हटलं आपून काही कामाचं देऊ. आन् वाण कोणी फेकते का? जिथं जागा दिसली तिथं टाकलं बायाईनं. किती? पस्तीस... चाळीस धरा. एक पुडी माह्या पिंकीनं नेली, आर्वीले, सासरी. गोठ्यामागं टाकलं तिनं, सासूले न विचारता, आन् आता त्याईच्या भाजीच्या मळ्यात हेच हाये सगळीकडं. सासू म्हणते, मेथीच्या बियातून आलं, दुकानदाराच्या नावानं बोटं मोडते. पिंकी फोनवर निस्ती रडते.

ते काऊन लिहून राह्यल्या तुमी? लेकीसारख्या वाटल्या म्हणून बोलून गेली मी. खोडा ते आर्वीचं. भेव वाटते मले, मॅडम, खरंच भेव वाटते — ती बाई पोरीले माहेरावरून घालूनपाडून बोलन, जन्मभर बोलन. हात जोडते, खोडा.

काय म्हणता? या फारमावरूनच ठरते? पुढच्या साली बी गावोगाव वाटाचं का नाई, ते? म्हणजे मी एक बांध सांगतला, तं तुमी वरते एकच बांध सांगसान, आन् मंग सगळ्या जिल्ह्यात...

राहू द्या. नका खोडू. नाला लिहा, चाळीस घरं लिहा, आर्वी लिहा. पिंकीचं नाव तेवढं नका लिहू — मी गेलती तिकडं, मीच टाकलं, असं लिहा. आता इहीणबाईले मीच फोन करन, तुमचा कागद पोचाच्या आधी. चहाचं राह्यलंच, पण तुमी निघा आता, मॅडम. तुमच्यासमोर नाई बोलता याचं मले.