ठमी गेली, तात्या राहिला

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या डॉक्टरबाई, त्यांचे यजमान, लेक आणि माकडघरातल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी बाईंची सहायक पशुवैद्य. भाषण हा माझा प्रांत नव्हे. माझे रुग्ण माझं बोलणं ऐकून घेत नाहीत.

बाई खरं तर गेल्या वर्षीच निवृत्त व्हायच्या. मग थांबल्या कशासाठी? खुर्ची सुटत नाही, असंही कुणी म्हणालं. ते समोरच बसलेत, असो.

कारण होतं तात्या. औषधाच्या प्रयोगासाठी आपण त्या माकडाला मधुमेह जडवला. प्रयोग संपला, आजार राहिला. रोज इन्सुलिन आलं. त्याला दाबून धरून सुई टोचणं बाईंना मान्य नव्हतं. पिंजऱ्यापाशी स्टूल टाकून त्या शेंगदाणा दाखवत लाडीगोडी लावायच्या. होता होता तात्या आपण होऊन जाळीतून हात पुढे करू लागला. त्याची जोडीदारीण ठमी अर्धा शेंगदाणा हक्कानं हिसकावून घ्यायची.

पुढे प्रयोगातून सुटलेल्या माकडांसाठी झाडांचं मोकळं आवार मिळालं. पण तिथे रोज सुई देणारं कुणी नव्हतं. ठमी जाऊ शकत होती, तात्या नाही.

"तिनं का म्हणून जन्मभर जाळीत राहायचं?" म्हणत बाईंनी ठमीला पाठवलं. तिथून फोन आला, ती शेंड्यावर जाऊन बसलीय, उतरायचं नाव घेत नाही. बाई हसल्या, आणि डोळे पुसत तात्याकडे गेल्या.

तात्यानं दुसरी सोबत जवळ येऊ दिली नाही. सुईसाठी हात द्यायचा, तोही फक्त बाईंना. शेंगदाणा अर्धा खायचा, अर्धा शेजारी ठेवायचा.

"अगं, घरीही माणसं आहेत!" यजमान कुरकुरले. तरी बाईंनी मुदतवाढ मागितली.

गेल्या महिन्यात तात्या गेला. बाईंनी निवृत्तीचा अर्ज दिला. रिकामा पिंजरा धुवून घेताना त्यांनी मला विचारलं, "दोघांना एकत्रच ठेवायला हवं होतं का गं?"

"असं काय बोलता, बाई!" मी म्हटलं. ते काही उत्तर नव्हे. 

लवकरच आणखी एक जोडी प्रयोगातून सुटते आहे. त्यातल्या एकाला त्या आवारात जाता येणार नाही. या वेळी ठरवायचं आहे मला.

आपण आपुलकीनं ऐकलंत, ऋणी आहे. आनंदाच्या प्रसंगी भलतंच बोलले असेन, तर पोटात घाला. आणि बाई, माझा फोन आला तर उचला.